बोन मॅरो रुजला. आता घराची पाळी

“ऑपरेशन नीट पार पडले ना? मग आता कसली काळजी!” बोन मॅरो प्रत्यारोपण होऊन घरी आलेल्या रुग्णाच्या नातलगांना हे वाक्य दिवसातून पाच वेळा ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु या एका वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला असा, की हे रूढ अर्थाने ऑपरेशन नसते. आणि दुसरा असा, की काळजी संपलेली नसते. ती रुग्णालयातून उठून घरी आलेली असते. लालबागमध्ये दवाखाना चालवताना या दुसऱ्या गैरसमजाची किंमत मोजणारी घरे मी जवळून पाहिली आहेत. म्हणून आज उपचारांविषयी थोडे आणि उपचारांनंतरच्या घराविषयी अधिक लिहीत आहे.

आधी हे प्रत्यारोपण म्हणजे काय ते पाहू. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट येथेच तयार होतात. रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडलेला असतो. तेव्हा जोरदार केमोथेरपी, आणि काही वेळा किरणोपचार देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि दात्याच्या मूळ पेशी शिरेतून सोडतात. पिशवी रक्ताच्या पिशवीसारखीच दिसते आणि तशीच चढते. शिरेतून गेलेल्या पेशी आपली वाट शोधत हाडांपर्यंत पोचतात आणि तेथे रुजतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागतात. मायलोमासारख्या आजारात मात्र बहुधा रुग्णाच्याच पेशी आधी काढून, गोठवून ठेवून, नंतर त्यालाच परत देतात. त्यात दात्याचा प्रश्न येत नाही आणि पुढची वाटही त्या मानाने सोपी असते.

आपल्याकडे या उपचाराची सुरुवात परळलाच झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८३ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले. लहानपणीच पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी अमेरिकेत सिएटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे हे तंत्र शिकून घेतले होते. थॉमस यांना याच कामासाठी १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. टाटा रुग्णालयाचे प्रत्यारोपणाचे काम पुढे खारघरच्या केंद्रात गेले आणि आता मुंबईत इतरही अनेक रुग्णालयांत ही सोय आहे. थोडक्यात, तंत्र येऊन चाळीस वर्षे उलटली. पण घरी परतलेल्या रुग्णाला सांभाळायचे कसे, याचे शिक्षण आपल्या समाजात अजून रुजलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यारोपणाचा दिवस हा शून्य दिवस धरून पुढचे दिवस मोजतात. त्यातले पहिले शंभर दिवस सर्वांत नाजूक, विशेषतः दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णांसाठी. पेशी रुजल्या की काही आठवड्यांत रुग्णाला घरी किंवा रुग्णालयाजवळच्या मुक्कामी पाठवतात. म्हणजे या शंभर दिवसांतला बराचसा काळ घरातच जातो. रक्तातील पेशींचा आकडा सुधारला तरी प्रतिकारशक्ती आकड्याबरोबर परत येत नाही. तिला कित्येक महिने, कधी दोन वर्षे लागतात. लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही बहुतांशी पुसले जाते. त्या लसी पुन्हा नव्याने, डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घ्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी तर किमान दोन वर्षे देत नाहीत. चाळीस वर्षांचा माणूस या अर्थाने तान्ह्या बाळासारखाच असतो. फरक इतकाच, की तान्ह्या बाळाला कोणी लोकलने कामावर जायला सांगत नाही.

आता हा रुग्ण परततो कोठे? गिरगावातल्या, परळ-लालबागमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून उपचारासाठी आलेला असेल तर नातलगाच्या त्याच खोलीत पाचवा-सहावा माणूस म्हणून. संडास सार्वजनिक, शेजारच्या चाळीचे पाडकाम चालू, खिडकीच्या पत्र्यावर कबुतरे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आता चाळींचा पुनर्विकास जोरात आहे. पाडकामाच्या धुळीत अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण असतात. धडधाकट माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही, पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या फुप्फुसात ही बुरशी जीवघेणी ठरू शकते. कबुतरांच्या विष्ठेतूनही बुरशीचा संसर्ग होतो. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला. त्यात कोणाची बाजू घ्यायची ते वाचकांनी ठरवावे. परंतु ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे कबुतरांना दाणे टाकू नयेत आणि त्यांची घाण रुग्णाने स्वतः साफ करू नये, याबद्दल वाद असू नये.

यावर उपाय महागडे नाहीत. पाडकामाच्या बाजूची खिडकी बंद ठेवावी. केर काढताना रुग्णाला त्या खोलीत थांबवू नये; झाडूपेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे. फुलांच्या कुंड्या आणि माती काही महिने शेजाऱ्यांकडे द्याव्यात. सार्वजनिक संडासाला गर्दीची वेळ टाळून जावे, जाण्यापूर्वी तो धुऊन घ्यावा, आल्यावर साबणाने हात धुवावेत. रुग्णाचा टॉवेल आणि भांडी वेगळी असावीत. बाहेर पडताना मास्क असावा. घरातील इतरांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. घरात तान्हे मूल असेल आणि त्याला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्या थेंबांतील जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या विष्ठेतून बाहेर पडतात.

सर्वांत कठीण उपाय मात्र फुकटचा आहे. तो म्हणजे भेटायला न जाणे. आजाऱ्याला बघायला जाणे हा आपल्याकडे धर्म समजला जातो. न गेलो तर माणुसकी नाही असे लोक म्हणतील, या भीतीने सर्दी झालेला माणूसही शहाळे घेऊन दारात उभा राहतो. अंगारा लावायचा, तीर्थ पाजायचे, पेढा भरवायचा, मायेने गालावरून हात फिरवायचा, हे सारे ओघाने आलेच. नको म्हणणारी सून मग उद्धट ठरते. मी माझ्या रुग्णांच्या घरी एक युक्ती सुचवतो. दारावर ‘डॉक्टरांच्या आज्ञेवरून भेट बंद’ अशी पाटी लावा. वाईटपणा डॉक्टरने घ्यावा. त्याला तो पचतो. अंगारा देव्हाऱ्यात ठेवावा, श्रद्धा दुखावण्याचे कारण नाही. गणपतीत गर्दीच्या मंडपात जाऊ नये. दर्शन टीव्हीवर घ्यावे.

खाण्याबद्दलही असेच. ‘अंगात ताकद यायला हवी’ म्हणून जो तो काहीतरी सुचवतो. ताकद घरच्या ताज्या, नीट शिजलेल्या गरम अन्नातून येते. वरण-भात, मऊ खिचडी, पूर्ण उकडलेले अंडे, चांगला शिजवलेला मासा यांत सर्व काही आहे. पाणी उकळलेले हवे. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, उघड्यावरची कापलेली फळे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांची रक्तातील पातळी वाढवू शकतात, म्हणून तीही नकोत.

येथे काढ्यांविषयी लिहिणे भाग आहे. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला आम्ही प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे देतो. कारण नव्या पेशींच्या दृष्टीने रुग्णाचे शरीरच परके असते आणि त्या त्याच्यावर हल्ला करू शकतात. अशा माणसाला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ चूर्ण देणे म्हणजे एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने सोडायचे. करोनाच्या साथीत गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले. त्यावर मतभेदही झाले. पण ज्याच्या यकृतावर आधीच औषधांचा भार आहे त्याने असा प्रयोग करू नये, हे सांगायला मतभेद मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

नव्या पेशींचा हा हल्ला ओळखण्याचे काम घरच्यांचेच. अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ, तोंडात व्रण, वारंवार पातळ जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा, पुढे डोळे आणि तोंड कोरडे पडणे, ही त्याची लक्षणे. यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी कळवावे. आणि ताप! १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर ती आणीबाणी समजावी. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. तापाची गोळी ताप झाकते, संसर्ग झाकत नाही. प्रत्येक घरात एक पिशवी भरून तयार असावी: फाइल, औषधांची यादी, दोन कपडे, थोडे पैसे, प्रत्यारोपण केंद्राचा फोन नंबर. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले तर गाडी कोठून न्यायची हे जुलैपूर्वीच ठरवून ठेवावे. ऐन वेळी गुडघाभर पाण्यातून रुग्णाला चालवण्याची पाळी येऊ नये.

आणखी एक गोष्ट कोणत्याही नव्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगावी: “यांचे बोन मॅरो प्रत्यारोपण झाले आहे.” दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर रुग्णाचा रक्तगट कालांतराने बदलून दात्याचा होतो. पाकिटातले जुने कार्ड मग निरुपयोगी ठरते. शिवाय अशा रुग्णाला रक्त द्यायचे तर ते विशिष्ट किरणांनी प्रक्रिया केलेले लागते. ही माहिती एका कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात असावी.

एक वही घालावी असेही मी सांगतो. सकाळ-संध्याकाळचा ताप, वजन, कोणती गोळी किती वाजता, किती खाल्ले, जुलाब किती. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांपुढे वही ठेवली की दहा प्रश्न वाचतात. पण वही लिहायची ती रुग्णासाठी, रुग्णावर पाळत ठेवायला नव्हे. शक्य होईल तेव्हा ती त्यालाच लिहू द्यावी. माझा एक तरुण रुग्ण एकदा चिडून म्हणाला, “डॉक्टर, घरात माझ्याशी कोणी बोलतच नाही. सगळे फक्त विचारतात.” ताप आहे का, गोळी घेतली का, जेवलास का! मी त्याच्या आईला सांगितले, की दिवसातला अर्धा तास आजाराचा शब्द काढायचा नाही. क्रिकेटवर बोला, भांडा, पत्ते खेळा. पुढच्या आठवड्यात तो वहीत स्वतः नोंदी करू लागला होता.

हा रुग्ण थकलेला असतो, आणि हा थकवा झोपेने जात नाही. सहा महिने, वर्षभरही रेंगाळतो. “आता तर रिपोर्ट चांगले आहेत, मग पडून काय राहतोस?” हे वाक्य त्याला सुईपेक्षा जास्त टोचते. केस गेलेले, त्वचा काळवंडलेली, वजन उतरलेले, नोकरीचे काय होणार ठाऊक नाही. बऱ्याच जणांना मूल होण्याची शक्यताही उपचारांमुळे मावळते. याविषयी उपचारांपूर्वीच डॉक्टरांशी बोलायला हवे. लाजेने गप्प राहणारी जोडपी नंतर हळहळतात. असा माणूस रडला तर रडू द्यावे. “तू खंबीर राहा” हा सल्ला त्याला पुष्कळांनी दिलेला असतो.

दात्याचाही विसर पडतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते, त्यामुळे आई-वडील किंवा मुलेही दाते होऊ शकतात. पेशी देताना त्या भावाचे किंवा बहिणीचे घरात कौतुक होते. पुढे रुग्णाला त्रास झाला, तर “तिच्या पेशी लागल्या नाहीत” असे सहज बोलले जाते. ती बहीण ते आयुष्यभर विसरत नाही. पेशी रुजणे-न रुजणे, त्यांनी हल्ला करणे हे कोणाच्या मायेवर अवलंबून नसते. घरातल्या मोठ्यांनी हे दात्याला स्पष्ट शब्दांत, सर्वांसमक्ष सांगावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपल्याकडे रुग्णाला ‘घरचे’ सांभाळतात असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात एक बाई सांभाळते. बायको, आई किंवा बहीण. औषधे तीच देते, पाणी तीच उकळते, रात्री ताप तीच बघते, पाहुण्यांना नकोही तीच म्हणते. गिरगावातली एक बाई माझ्याकडे चक्कर येते म्हणून आली. नवऱ्याचे प्रत्यारोपण होऊन सत्तर दिवस झाले होते. तिचा रक्तदाब भलताच वाढलेला होता. स्वतःच्या गोळ्या तिने दोन महिने घेतल्याच नव्हत्या, कारण आठवण करून देणारे कोणी नव्हते. नवऱ्याच्या वहीत मात्र एकही रकाना रिकामा नव्हता.

तिच्या नवऱ्याला पुढे विषाणूचा संसर्ग झाला आणि तो गेला. तेराव्याला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, “काहीतरी हयगय झाली असणार.” हे ऐकल्यापासून ती बाई झोपत नव्हती. तिला मी जे सांगितले तेच आज जाहीरपणे लिहितो. प्रत्यारोपणानंतरचे अनेक संसर्ग बाहेरून येतच नाहीत. ते जंतू आणि विषाणू रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडलेले असतात आणि प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतात. काहींचा मूळ आजारही उलटतो. जगातल्या उत्तम रुग्णालयांत, गाळलेल्या हवेच्या खोल्यांतही हे घडते. स्वच्छता आणि दक्षता यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ज्या बाईने शंभर रात्री जागून काढल्या तिला हयगयीचा दोष देणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय ते क्रूर आहे. यश आले तर डॉक्टरांचे आणि देवाचे, आणि अपयश आले तर बायकोचे, हा हिशेब आपण बंद केला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्यारोपणाची तारीख ठरताच घरातील सर्वांनी एकदा बसावे आणि शंभर दिवसांच्या पाळ्या कागदावर लिहाव्यात. गिरणगावाला पाळ्यांची कल्पना नवीन नाही. तीन पाळ्यांवर हा भाग वर्षानुवर्षे जगला. कोणत्या रात्री दीर जागेल, तपासणीला कोणता भाऊ जाईल, पाणी कोण भरेल. मुख्य सांभाळणारीला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, आणि तिच्या स्वतःच्या औषधांची नोंद त्याच वहीत. पुरुषांना हे जमत नाही असे म्हणू नये. कुकर लावणे आणि थर्मामीटर वाचणे दोन दिवसांत जमते. मालकांनीही विचार करावा. बहुतेक खाजगी नोकऱ्यांत आजाऱ्याला आजारपणाची रजा मिळते. त्याला सांभाळणाऱ्याला मात्र नोकरी तरी सोडावी लागते किंवा खोटे कारण तरी सांगावे लागते. अशा उपचारांपुरती तरी सांभाळणाऱ्याला हक्काची रजा मिळायला हवी.

आणि समाजाने काय करावे? परगावच्या रुग्णांसाठी या भागात मोठे काम चालले आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची घरे. त्यांना हातभार लावावाच. पण आपल्या चाळीतला, आपल्या टॉवरमधला रुग्ण घरी येतो तेव्हा धर्मशाळा आपल्यालाच व्हावे लागते. आपली मंडळे रक्तदान शिबिरे उत्साहाने घेतात. त्यांनी त्याच शिबिरात तरुणांची मूळ पेशींच्या दाता-नोंदणीत नावे घालावीत, आणि प्लेटलेट द्यायला रात्रीअपरात्री येतील अशा पाच-दहा जणांची यादी तयार ठेवावी.

आपल्या मजल्यावर असा रुग्ण परत आला असेल तर त्याच्या घरी जाऊ नका. खालून फोन करा आणि विचारा, “वहिनी, बाजारातून काय आणू?” सामानाची पिशवी दाराला अडकवा, बेल वाजवा आणि मागे फिरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करा. नव्वदाव्या दिवशीही करा, कारण पहिल्या आठवड्यात येणारे फोन तोवर थांबलेले असतात.